मुदत कधीपासून धरायची

मोहोपाड्याच्या बाजारपेठेमागे ज्या चाळी आहेत, त्यांत वनिता ठोंबरे आणि तिची थोरली बहीण जना बरीच वर्षं भाड्याने राहिल्या. खोल्या बदलत गेल्या, चाळी साधारण त्याच राहिल्या. कुणा मालकाच्या मुलाचं लग्न निघायचं, कुणाला वर मजला चढवायचा असायचा, आणि एकाने तर सरळच सांगितलं होतं की दोघी बायकाच राहताय, उद्या काही झालं तर पोलीस मला विचारणार. अशा वेळी दोघी सामान टेंपोत घालायच्या आणि पुढच्या गल्लीत उतरवायच्या. जनाचा गॅसवरचा हात कधी थांबला नाही. नव्या खोलीत पहिली शेगडी लागायची, मग बाकीचं.

वनिता रसायनीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टँकरचे कागद तिच्या टेबलावरून जातात. बारावी झाल्यावर ती ठेकेदारामार्फत तिथे लागली आणि पुढे कायम झाली. लग्नाची स्थळं आली, दोनेक ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली, मग वडील आजारी पडले, आणि जमवायचं राहून गेलं. त्याबद्दल ती हळहळताना कुणी पाहिली नाही. ती कमी बोलते. एखादी गोष्ट पटली नाही की "नाही" म्हणते आणि पुढे कारण देत नाही, त्यामुळे ऑफिसात काहींना ती उद्धट वाटते.

जनाचं तसं नाही. ती बोलते, हसते, रडतेही लवकर. तिचं लग्न कर्जतकडच्या एका गावात झालं होतं. नवरा मोटारसायकलवरून येताना हायवेवर अपघातात गेला, तेव्हा ती एकतीसची. मूलबाळ नव्हतं. सासरी वर्षभर राहून ती माहेरी आली, आणि माहेरी भावाच्या संसारात मावेना म्हणून वनिताकडे. वनिताच्याच ओळखीने तिला कारखान्याच्या कँटीनमध्ये काम मिळालं. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं ही तिची खासियत. भाकरीचा दिवस असला की कामगार आधी विचारून जेवायला येतात, असं सांगतात.

माहेर चौक गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. वडील गेल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर तिन्ही भावंडांची नावं लागली, आणि वर्षाच्या आत दोघी बहिणींनी भाऊ सुनीलच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. कुणी जबरदस्ती केली नाही. सुनीलनेच खालापूरला निबंधक कार्यालयात नेलं, सह्या झाल्यावर वडापाव आणि चहा दिला, संध्याकाळी गाडीने परत सोडलं. आमच्याकडे बहिणी असंच करतात, आणि सुनील वाईट माणूस नाही. गणपतीला दोघींना न चुकता साडी देतो. वनिताने त्या दिवसाबद्दल कधी काही म्हटलं नव्हतं.

घराचा विषय जनाने काढला. मालकाने पुन्हा खोली खाली करायला सांगितली होती.

"वने, आता मला टेंपोत नाय चढायचं," ती म्हणाली. "पन्नाशी आली गं माजी. एक पत्रा का असंना, आपला घेऊ."

पत्रा घेतला नाही, फ्लॅट घेतला. म्हणजे घ्यायचं ठरलं. वनिताच्याच कारखान्यात बॉयलरवर असलेले वाल्मिक घाडगे निवृत्त झाले होते. मूळचे फलटणकडचे. मोहोपाड्यात त्यांचा पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तो विकून गावी जायचं होतं. घाडग्यांची बायको आनंदीबाई यांना दोघी बहिणी माहीत होत्या. साठेखत झालं. इसाराची रक्कम जनाने दिली. नवऱ्याच्या अपघाताची भरपाई कित्येक वर्षं ठेवीत पडून होती, ती तिने मोडली. उरलेल्या रकमेसाठी एका गृहकर्ज कंपनीच्या कर्जतच्या शाखेत अर्ज केला, दोघींच्या नावाने.

अडचण पहिल्या दिवसापासून होती. नवरा-बायको, बाप-लेक, दोघे भाऊ यांना मिळून कर्ज देतात. दोन बहिणींना द्यायला कंपन्या खळखळ करतात. शिवाय दोघींची आडनावं वेगळी, म्हणून त्या बहिणी असल्याचेच पुरावे आधी गोळा करावे लागले. शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीचा दाखला, वडिलांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद. शाखेतला अधिकारी ऋषिकेश हा तिशीतला मुलगा बोलायला चांगला होता. त्याने पनवेलच्या विभागीय कार्यालयाशी बोलून प्रकरण मंजूर करून आणलं. मंजुरीपत्र निघालं मार्चअखेर, वर्ष संपायच्या गडबडीत. पण जनाच्या एका दाखल्यावर नाव चुकलेलं होतं, ते दुरुस्त होऊन दोघींच्या सह्या व्हायला मेचा शेवट उजाडला.

सही करताना वनिताने विचारलं होतं, "हे कधीपर्यंत चालतं?"

"आज सही केलीत ना? आजपासून सहा महिने," ऋषिकेश म्हणाला होता. "बिनधास्त राहा."

त्यानंतर कंपनीच्या वकिलाने घाडग्यांचे जुने कागद तपासायला घेतले. सोसायटीचा ना-हरकत दाखला हवा झाला, मग पहिल्या मालकाच्या कराराची प्रत हवी झाली. प्रत मिळाली तर वकील रजेवर. वनिता दर आठवड्याला फोन करायची. ऋषिकेश दर आठवड्याला "होतंय, होतंय" म्हणायचा. ऑक्टोबर लागल्यावर वकिलाचा होकार आला आणि दोघी चेक कधी निघेल ते विचारायला कर्जतला गेल्या.

ऋषिकेशने संगणकावर काहीतरी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, एक प्रॉब्लेम झालाय. तुमच्या मंजुरीची मुदत संपलीये."

"कधी?"

"सप्टेंबरअखेर."

"मेमध्ये सही झाली," वनिता म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत आहे."

"सिस्टीम पत्राच्या तारखेपासून धरतेय. पत्र मार्चचं आहे."

वनिताने पिशवीतून पत्र काढलं. पहिल्या पानावर वरच्या चौकटीत वैधतेची तारीख सप्टेंबरअखेरची छापलेली होती. आतल्या पानावर अटींमध्ये लिहिलं होतं की कर्जदाराने स्वीकारल्याच्या तारखेपासून सहा महिने हा प्रस्ताव कायम राहील. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात होत्या. सही करताना चौकट ना वनिताने नीट पाहिली होती, ना ऋषिकेशने.

"मग दुसरं पत्र काढा," जना म्हणाली. "त्यात काय एवढं?"

ऋषिकेशने तिच्याकडे पाहिलं नाही. तो वनितालाच म्हणाला, "नवीन पत्र निघणार नाही. कंपनीने जुलैपासून बहिणींना जॉइंट कर्ज देणं बंद केलंय. जुनी मंजुरी चालू असेल तरच देता येतं. संपली असेल तर..."

तर काहीच नव्हतं. इसार जायची वेळ होती, आणि घाडग्यांचं सामान अर्धं बांधून झालं होतं.

त्यानंतरचे काही आठवडे वनिताने जे केलं ते अशा प्रकरणात कुणीही करतं. शाखेत लेखी तक्रार दिली. दोन ओळींचं उत्तर आलं, की पत्राच्या पहिल्या पानावरची तारीख ग्राह्य आहे. ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, आपली तक्रार नोंदवली आहे असं सांगितलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच मुलीने पहिल्यापासून ऐकून घेतलं. कारखान्यातल्या एका साहेबांनी सल्ला दिला की ओळखीचा वकील बघा. त्या वकिलाने सांगितलं की कोर्टात गेलात तर बाजू तुमची चांगली आहे, पण निकाल लागेपर्यंत घर राहणार नाही. वनिताने त्याचे आभार मानले.

मग तिने पनवेलच्या विभागीय कार्यालयात भेटीची वेळ मागितली. ती मिळाली. दोघींनी रजा टाकली आणि दांड फाट्यावरून एसटी धरली. जनाने लग्नकार्याला नेसायची साडी नेसली होती.

विभागीय व्यवस्थापक होत्या ऋतिका प्रधान. चाळिशीच्या, नीटनेटक्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी मागवलं आणि पत्र खरोखर वाचलं, दोन्ही पानं.

"तुमचं म्हणणं मला कळतंय," त्या म्हणाल्या. "शब्दरचना गोंधळाची आहे, मान्य. पण मी जर एका प्रकरणात सहीपासून धरलं, तर उद्या सगळीच प्रकरणं माझ्या टेबलावर येतील. एक मार्ग आहे. वनिताताईंचा पगार चांगला आहे, नोकरी कायम आहे. एकट्या त्यांच्या नावाने नवीन अर्ज केला तर मी आठवड्याच्या आत मंजूर करून देते. रक्कम थोडी कमी बसेल. घरही मग त्यांच्या एकट्यांच्या नावावर घ्यावं लागेल."

जनाने सुटकेचा श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"चालंल की," ती म्हणाली. "मॅडम, तसंच करा."

"नाही," वनिता म्हणाली.

"वने..."

"नाही. पत्रात दोघींची नावं आहेत. दोघींच्या सह्या आहेत. तेच पाहिजे."

ऋतिका प्रधान यांनी पत्राची घडी घालून ते परत दिलं. वनिताच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने कारण सांगितलं असतं, निदान रडली असती. वनिता नुसती बसून राहिली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "विचार करा. मी चार दिवस थांबते." आणि उठल्या.

एसटीत जना खिडकीकडे तोंड करून बसली.  घरी पोचल्यावर मात्र पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू झाली.

"नाव काय चाटायचंय? तू काय मला घरातून काढणार हायेस? नाय ना? मग कोनाचं नाव लागलं त्याच्यानी काय होतं?"

"पैसे तू घातलेस."

"घातले तर घातले. तुज्याकडंच हायेत ना. तू अडून बसलीस आन् ते घाडगे दुसऱ्याला देऊन मोकळे झाले, की मग कळंल तुला. आपल्याला डोक्यावर छप्पर पायजे, तुला कागदावर नाव पायजे!"

"तुझं नाव पाहिजे," वनिता म्हणाली. "माझं तर लागतंच आहे."

"आन् माजं कशाला?"

वनिताने पिशवीतलं पत्र काढून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "खालापूरला एकदा दिलं ना आपण लिहून. तेव्हा तू रात्री जेवली नव्हतीस. मला वाटलं होतं, तू काहीतरी बोलशील. तू बोलली नाहीस, म्हणून मीपण बोलले नाही. आता पुन्हा नाही."

जना तरी राजी झाली नाही. पुढचे काही दिवस दोघींमध्ये फक्त कामाचं बोलणं झालं. पाणी आलंय, दूध संपलंय. जना कँटीनमधूनच जेवून यायला लागली. वनिता स्वतःपुरता भात टाकायची आणि तो तिला जमत नसल्याने कधी कच्चा, कधी गिच्च व्हायचा. चार दिवस झाले, पनवेलचा फोन आला नाही आणि वनितानेही केला नाही. त्याऐवजी तिने गृहकर्ज कंपन्यांवर जे नियंत्रण कार्यालय असतं त्याच्याकडे सगळ्या कागदांच्या प्रती जोडून तक्रार पाठवली. ते करायला तिला ऑफिसातल्या एकीने मदत केली, कारण संगणकावरचा तो तक्रारीचा प्रकार दोनदा अर्ध्यातच बंद पडला होता.

घाडगे एका संध्याकाळी स्वतः चाळीत आले. दारातच उभे राहिले, आत बसा म्हटलं तरी बसेनात.

"पोरी, तुला न सांगता काही करायचं न्हाई म्हणून आलो," ते वनिताला म्हणाले. "पनवेलचा एक माणूस येऊन गेलाय. त्याला भाड्यानं द्यायला फ्लॅट पायजे. समदे पैसे एका दमात देतो म्हणतोय. आमचं गावचं घर बांधून तयार हाय, गवंड्याचं देणं थांबलंय."

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"दिवाळीपतुर थांब म्हणलं. आनंदीनं थांबायला लावलं, खरं सांगतो. मी त्याला हो म्हणणार होतो. दिवाळीनंतर मात्र मला धरू नका."

"इसाराचं?"

"ते साठेखतात लिवलंय तसं व्हईल," घाडगे म्हणाले आणि चप्पल पायात नीट करू लागले. साठेखतात लिहिलं होतं की खरेदीदाराकडून व्यवहार मोडल्यास इसार परत मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी वनिता अर्धी रजा टाकून कर्जतला गेली. ऋषिकेशच्या समोर बसली.

"तुम्ही मला सांगितलं होतं, सहीपासून सहा महिने. आठवतंय?"

"आठवतंय," ऋषिकेश म्हणाला. तो खोटं बोलला नाही, ही गोष्ट इथे नोंदवायला हवी.

"तेवढं लिहून द्या."

"मॅडम, मी कंपनीचा माणूस आहे. कंपनीच्या विरोधात कसं लिहून देऊ? माझी नोकरी आहे. घरी मीही कर्जाचे हप्ते भरतो."

"मी खोटं लिहायला सांगत नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला आणि समोरच्या फायली एकावर एक रचायला लागला. वनिता उठली. जाताना तिने दार नेहमीसारखं हळूच लावलं. त्याला ते जोरात आपटलेलं जास्त आवडलं असतं, असं तो पुढे म्हणाला.

यानंतर जे झालं ते वनिताला पुढे काही दिवसांनी कळलं.

त्याच आठवड्यात जनाने कँटीनच्या मुकादमाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि एकटीच कर्जतला गेली. एकटीने तिने असा प्रवास फारसा केला नव्हता. चौकला गाडी बदलताना ती चुकीच्या गाडीत बसली आणि पुढच्या थांब्यावर उतरून परत आली. शाखेत पोचली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. ऋषिकेश डबा उघडत होता. तिला पाहून त्याने तो मिटला.

"साहेब, माजं नाव काढायचा काय फॉर्म असंल तो द्या," जना म्हणाली. "मी सही करते. मंग वनीच्या एकटीच्या नावानं करून टाका."

"तुमच्या बहिणीला माहीत आहे?"

"नाय. ती कबूलच व्हणार नाय. म्हणून तर मी आले."

"जनाताई, असं होत नाही. दोघींनी मिळून मागितलंय. एकीचं काढायचं तर दोघींच्या सह्या लागतात."

जनाला हे अपेक्षित नव्हतं. ती बाकावर बसली. येताना पूर्ण रस्ताभर तिने एवढ्या एका सहीची तयारी केली होती. पदराने तोंड पुसलं, पाणी मागितलं, प्यायली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तवा माजं नाव घातलंत, तवा चालत व्हतं?"

"तेव्हा चालत होतं."

"आन् आता का नाय चालत?"

"कंपनीचा अनुभव म्हणे. एक बहीण लग्न होऊन जाते, मग हप्त्याला दुसरी एकटी उरते."

जना हसली. ऋषिकेशच्या म्हणण्याप्रमाणे अगदी मनापासून हसली. "मी आता कुठं जातेय, साहेब? माजं जाऊन, येऊन सगळं झालं." मग म्हणाली, "ती येडी हाय. माज्यासाठी भांडते नि मलाच बोलू देत नाय. तिला सांगू नका मी आलते म्हणून."

ती गेल्यावर ऋषिकेशने डबा खाल्ला. मग पनवेलला एक मेल लिहिला. वनिताला जे लिहून द्यायला त्याने नकार दिला होता, ते त्याने तिच्या हाती न देता आपल्याच वरिष्ठांना कळवलं: मुदत सहीच्या तारखेपासून आहे असं ग्राहकांना मी स्वतः सांगितलं होतं, त्या मुदतीतला बराचसा वेळ आपल्या वकिलाकडे कागद पडून राहण्यात गेला, ग्राहकांकडून दिरंगाई झालेली नाही. मेल पाठवल्यावर तो बाहेर जाऊन चहा पिऊन आला. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस धास्तावलेली होती.

ऋतिका प्रधान यांनी त्या मेलवर काय केलं ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. त्यांनी मुंबईला विचारलं असावं. वसुबारसेच्या दोन दिवस आधी वनिताला डिस्पॅचमध्ये असतानाच फोन आला. समोर टँकरचा ड्रायव्हर कागदांसाठी उभा होता.

"तुमची मंजुरी विशेष बाब म्हणून वाढवून दिली आहे," मॅडम म्हणाल्या. "दोघींच्या नावाने. फक्त नोव्हेंबरअखेरपर्यंत. व्याजाचा दर मात्र आजचा लागेल, पूर्वीचा नाही."

"म्हणजे मुदत सहीपासून धरली?"

"तसं पत्रात लिहिणार नाही आम्ही. विशेष बाब असं लिहिलंय."

वनिताने क्षणभर विचार केला. नवा दर थोडा चढा होता, म्हणजे दर महिन्याला थोडे जास्त जाणार होते आणि तेही वर्षानुवर्षं. यावरही भांडता आलं असतं.

"चालेल," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या कागदावर शिक्का मारला.

संध्याकाळी तिने जनाला सांगितलं तेव्हा जना आधी खरंच का म्हणून तीनदा विचारत राहिली. मग रडली. मग उठून तांदळाचं पीठ काढलं आणि बऱ्याच दिवसांनी दोघींपुरत्या भाकऱ्या थापल्या.

खरेदीखत दिवाळीआधी उरकायचं म्हणून सगळ्यांनीच धावपळ केली. खालापूरला निबंधक कार्यालयात सकाळी लवकर नंबर लावला. घाडगे आणि आनंदीबाई रिक्षाने आले. आनंदीबाईंनी जनासाठी घरातली चकली आणली होती. आत गेल्यावर घाडग्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना. बॉयलरपाशी आयुष्य गेलेलं, बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांनी अंगठा पुसला, ओला केला, दुसऱ्या बोटाने करून पाहिलं. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम झालं, तेव्हा घाडगे म्हणाले, "नोकरी करून एवढंच ऱ्हायलं बघा शाबूत." आणि सगळे हसले, यंत्रामागचा कारकूनसुद्धा.

चेक घेऊन ऋषिकेश आला होता. सह्या संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर तो गमतीने म्हणाला, "जनाताई, आता तो फॉर्म नको ना?"

"कसला फॉर्म?" वनिताने विचारलं.

जनाने कपाळाला हात लावला. ऋषिकेशला आपली चूक कळली, पण आता उशीर झाला होता. जनाने तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चुकीच्या गाडीत बसल्यापासून. ऋषिकेशने आपल्या मेलचं सांगितलं, तेही खाली बघत.

वनिताचा चहा हातातच निवला.

"मला सांगायचं तरी," ती जनाला म्हणाली.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"मंग?"

 वनिताने चहाचे पैसे दिले, ऋषिकेशचेही, आणि त्याला एवढंच म्हणाली, "घरी या एकदा. जना भाकरी चांगली करते." तिच्या मानाने हे पुष्कळ होतं.

ऋषिकेश गेला नाही. फेब्रुवारीत त्याची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. ती त्या मेलमुळे झाली की नेहमीची होती, हे त्यालाही सांगता येत नाही. बढती मात्र त्या वर्षी मिळाली नाही. नियंत्रण कार्यालयाकडे केलेल्या तक्रारीचं उत्तर वनिताला जानेवारीत आलं: आपल्या तक्रारीचं निवारण झाल्याचं कंपनीने कळवलं असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. तिने ते वाचलं आणि बाकीच्या कागदांत ठेवून दिलं. मुदत पत्राच्या तारखेपासून धरायची की सहीपासून, हा प्रश्न कुणीच सोडवला नाही.

दोघी आता त्या फ्लॅटमध्ये राहतात. हप्ता वनिताच्या पगारातून जातो, घरखर्च जना बघते. कर्ज फिटेल तेव्हा वनिता साठीला टेकलेली असेल आणि जना त्याच्या पुढे. भांडणं होतात. जनाला खिडकीत तुळस, ओवा, गवती चहा सगळंच लावायचं असतं आणि पाणी खालच्या घरावर गळतं. सुनील पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोमुलांसह येऊन गेला, भाऊबीज इथेच झाली. त्याने घर फिरून पाहिलं, गॅलरीला जाळी लावून घ्या म्हणाला, आणि पुढच्या रविवारी माणूस पाठवून स्वतःच्या खर्चाने ती लावून दिली.

एप्रिलमध्ये सोसायटीची सभा झाली. वरच्या टाकीचं पाणी पहिल्या मजल्यावर नीट येत नाही ही जुनी तक्रार होती. घाडगे होते तेव्हा ते दर सभेत ती मांडायचे आणि कुणी लक्ष द्यायचं नाही. वनिता शेवटच्या रांगेत गप्प बसली होती. जनाने हात वर केला. सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही सभासद आहात का, की ताईंच्या वतीने बोलताय?

"मी सभासद हाय," जना म्हणाली, आणि उभी राहून टाकीबद्दल बोलायला लागली. ती बराच वेळ बोलली. मे महिन्यात पाइप बदलला, पाणी आता बरं येतं.